फर्नांडेझ, लिसा

फर्नांडेझ, लिसा : (२२ फेब्रुवारी १९७१ – ). अमेरिकन सॉफ्टबॉलपटू व प्रशिक्षक. ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदके. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या, म्हणजे यूसीएलएच्या, संघात आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. वडील मूळचे क्यूबाचे, आई पोर्तो रिकोची. दोघांनाही बेसबॉलसारख्या बॅट-चेंडूच्या खेळांचा नाद. लिसा दक्षिण कॅलिफोर्नियात वाढल्या.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलसारखा खेळ. सामना ७ इनिंगचा, म्हणजे डावांचा, असतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, हात पूर्ण गोल फिरवून, खांद्याखालून चेंडू टाकतो. महिलांच्या खेळात पिचर आणि बॅटर यांच्यातले अंतर जेमतेम ४३ फूट असते. चेंडू वर उसळणार की खाली बुडणार, हे बॅटरला क्षणार्धात ओळखावे लागते, म्हणून चांगली पिचर एकहाती सामना फिरवू शकते. अशा पिचरकडून धावांची अपेक्षा सहसा कोणी करत नाही. फर्नांडेझ मात्र धावाही काढत.

यूसीएलएकडून त्या १९९० ते १९९३ अशी ४ वर्षे खेळल्या. पिचर म्हणून त्यांनी ९३ सामने जिंकले आणि फक्त ७ गमावले. १९९० आणि १९९२ मध्ये संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, तर चारही वर्षे त्यांची निवड ‘ऑल-अमेरिकन’, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या, संघात झाली. १९९३ चा हंगाम तर अचाटच होता. फलंदाजीची सरासरी .५१०, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी फटका, आणि पिचिंगमध्ये ७ इनिंगमागे दिलेली सरासरी पाव धाव! दोन्ही बाबतींत त्या देशात पहिल्या आल्या. सर्व महाविद्यालयीन खेळांतील सर्वोत्तम महिला खेळाडूला मिळणारा होंडा-ब्रोडरिक चषक त्या वर्षी त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या सॉफ्टबॉलपटू.

महिलांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो १९९६ साली. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध फर्नांडेझ यांनी ओळीने २९ बॅटर बाद केल्या. त्याच सामन्यात अमेरिकेच्या डॅनी टायलरने होम रन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार धाडला होता, पण धावताना होम प्लेटवर, म्हणजे जिथे पोचल्यावर धाव पूर्ण होते त्या जागी, पाय टेकवायचा राहिला आणि धाव रद्द झाली. सामना जादा इनिंगमध्ये गेला. दहाव्या इनिंगमध्ये अमेरिका एका धावेने पुढे होती, ऑस्ट्रेलियाचे तीनपैकी दोन गडी बाद झाले होते, आणि जोआन ब्राउनने चेंडू कुंपणापार धाडला. जादा इनिंगच्या नियमानुसार दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, आधीच उभी असलेली खेळाडूही धावून आली, ऑस्ट्रेलिया २-१ ने जिंकली. अंतिम सामन्यात चीनविरुद्ध शेवटच्या टप्प्यात चेंडू फर्नांडेझ यांच्याच हाती दिला गेला, आणि पहिले सुवर्णपदक अमेरिकेकडे आले.

२००० मध्ये सिडनीतही ऑस्ट्रेलियाने असाच दगा दिला. एका सामन्यात २५ स्ट्राइकआउट करूनही, म्हणजे २५ बॅटर फटका न मारू देता बाद करूनही, फर्नांडेझ १३ इनिंगनंतर हरल्या. लागोपाठ ३ पराभव पचवून अमेरिका अंतिम फेरीत पोचली आणि तिथे त्यांनी जपानला ८ इनिंगमध्ये २-१ ने नमवले. २००४ च्या अथेन्स स्पर्धेत फर्नांडेझ यांची फलंदाजीची सरासरी .५४५ होती. अख्ख्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध एकच धाव झाली, तीही अंतिम सामन्यात.

प्रशिक्षणाचे काम त्यांनी खेळत असतानाच, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, यूसीएलएतच सुरू केले होते. २००७ पासून तिथल्या मुख्य प्रशिक्षक आहेत केली इनोये-पेरेझ. फर्नांडेझ खेळत असताना त्या संघाच्या कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडू, होत्या. पिचरने काय टाकायचे याचा इशारा कॅचर देतो, त्यामुळे या जोडीला एकमेकींचे मन ओळखण्याची सवय जुनीच. नावाजलेली खेळाडू म्हटली की मुख्य पदच हवे, असा समज असतो. फर्नांडेझ मात्र जुन्या सहकारिणीच्या हाताखाली काम करत राहिल्या. या जोडीच्या काळात यूसीएलएने २०१० आणि २०१९ मध्ये विजेतेपद जिंकले.

२०१९ च्या संघातली रेचल गार्सिया हीदेखील पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणारी. वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध तिने १० इनिंगमध्ये १७९ चेंडू टाकले, १६ स्ट्राइकआउट केले, एकही धाव दिली नाही आणि शेवटी स्वतःच ३ धावांचा होम रन मारून सामना संपवला. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघातही ती होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेममध्ये फर्नांडेझ यांचा २०१३ साली समावेश झाला. यूसीएलएने त्यांचा १६ क्रमांकही निवृत्त केला आहे.