तळव्याचा पट्टा दुखतोय की हाडाला चीर पडलीय?

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनच्या तयारीपासून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत दर रविवारी हे दृश्य ठरलेलं. लाँग रन संपवून आम्ही चहाला थांबतो आणि कुणीतरी बूट काढून पाऊल दाबत बसलेलं असतं. शेजारचा लगेच सांगतो, "प्लांटर आहे. बर्फाच्या बाटलीवर पाय फिरव, आठ दिवसांत जाईल." दुखणं टाचेत असो, चवड्यात असो नाहीतर पावलाच्या वरच्या अंगाला असो, निदान तेच. मला आता हे ऐकवत नाही. याच निदानावर विसंबून मी तीन आठवडे चिरलेल्या हाडावर पळले आहे.

प्लांटर फॅसिआयटिस बहुतेकांच्या ओळखीचं आहे, म्हणून थोडक्यात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे, बहुधा आतल्या बाजूला, दुखावतो. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की खिळा टोचल्यासारखी कळ येते आणि बाथरूमपर्यंत जाईतो ती निम्मी होते.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर. पडलात, पाय मुरगळला, असं काही घडावं लागत नाही. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून येतं. भरण्यापेक्षा झीज जास्त झाली की चीर पडते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने लांबच्या कुचांनंतर सैनिकांचे पाय सुजतात, असं नोंदवून ठेवलं. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा, त्यामुळे आतलं हाड मोडलेलं असतं हे कळायला आणखी चार दशकं गेली. मार्च फ्रॅक्चर हे नाव तिथूनच आलं. पळणाऱ्यांच्या पावलात ही चीर बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला, म्हणजे मेटाटार्सलला पडते.

सूज, बूट, बर्फ यांवरून दोन्हींतला फरक ठरवायला जाऊ नका. सूज दोन्हीकडे नसू शकते, बूट दोन्हीकडे बदलले जातात आणि बर्फाने दोन्हीकडे घटकाभर बरं वाटतं. खरा फरक आहे तो दुखणं दिवसभरात आणि धावेच्या दरम्यान कसं चालतं यात, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

पट्ट्याचं दुखणं सुरुवातीला तीव्र असतं, अंग तापलं की निवतं आणि धाव संपवून तासभर बसून उठलात की पुन्हा डोकं वर काढतं. हाडाचं बरोबर उलट. विश्रांतीनंतर ते शांत असतं, भार पडत गेला की वाढतं आणि पळणं थांबवलं की उतरतं. माझ्या वहीत त्या तीन आठवड्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या रविवारी अठराव्या किलोमीटरला दुखायला लागलं. बुधवारी नवव्याला. पुढच्या रविवारी तिसऱ्याला. त्यानंतर घराचा जिना चढताना. दुखण्याचा किलोमीटर असा मागे मागे सरकत येत असेल, तर ते हाड आहे असं धरून चाला आणि त्याच दिवशी पळणं थांबवा. मी थांबले नाही, कारण सकाळी उठल्यावर पाय अगदी ठीक असायचा. "सकाळी दुखत नाही ना, मग काही गंभीर नाही," असं मला सांगितलं गेलं आणि मलाही ते पटलं. सकाळी दुखत नाही पण दहा किलोमीटरनंतर दुखतं, ही तर हाडाची खूण आहे. पुढे मग रात्री पडल्या पडल्याही ठणका लागायला लागला.

"पळत राहिलं की मोकळं होतं" हे वाक्य पट्ट्याच्या बाबतीत अर्धं खरं आहे. हाडाच्या बाबतीत त्याचा शेवट चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होण्यात होऊ शकतो.

दुसरी तपासणी बोटाने करायची. पट्टा दुखतो तो खालून, टाचेच्या आतल्या-पुढच्या भागात. मेटाटार्सलची चीर दुखते ती वरून. पावलाच्या वरच्या अंगाला, एका हाडावर, एकाच बिंदूवर. माझा बिंदू दुसऱ्या बोटाच्या मुळापासून दोन बोटं मागे होता. अंगठा तिथे टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं आणि अर्धा इंच बाजूला सरकवला की काहीच नाही. दुसऱ्या पावलावर शिरा दिसत होत्या, या पावलावर तेवढ्याच जागी त्या बुजल्या होत्या. हे मला तीन आठवडे दिसत होतं आणि मी पाऊल उलटं करून तळव्याखाली बाटली फिरवत होते.

अवघड प्रकार एकच, चीर टाचेच्याच हाडाला पडलेली असते तेव्हा. जागाही तीच, त्यामुळे भलेभले चुकतात. तेव्हा टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून लिंबू पिळावं तशी दाबा. पट्टा खाली असल्यामुळे बाजूंनी दाबलं तर त्याला फारसं काही होत नाही. हाड मात्र कळवळून सांगतं. तसं झालं तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

दोन जागांच्या बाबतीत मी कुणाला एक आठवडाही वाट पाहू देत नाही. एक, घोट्याच्या पुढे, कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर हाड. दुसरी, पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीमागच्या हाडाचं मूळ. दोन्हीकडे रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायला वेळ लागतो, आणि कधी शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं.

आता एक्स-रे. "एक्स-रे क्लिअर आला" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. बरेचदा हाड जुळायला लागल्यावर नवं हाड धरतं, तेव्हा ते उमटतं. माझाही पहिला एक्स-रे क्लिअर होता, मग एमआरआयने चीर दाखवली. उलट बाजूने, टाचेच्या एक्स-रेत हाडाचा काटा दिसला की लोक घाबरून पळणं सोडतात. असा काटा टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी जणांच्या पायात असतो. चीर एक्स-रेत लपून राहते आणि निरुपद्रवी काटा ठळक दिसतो, म्हणून नुसती फिल्म बघून निर्णय घेऊ नका.

तयारीचं गणितही दोन्हींचं वेगळं आहे. पट्ट्याला नुसता आराम देऊन भागत नाही. महिनाभर बसून काढलेला माणूस पहिल्याच धावेला पुन्हा टाच धरून बसतो, कारण पट्टा तेवढाच दुबळा राहिलेला असतो. त्याला बेताबेताने भार द्यावा लागतो. मला सगळ्यांत जास्त पटलेला व्यायाम असा: टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा, तिच्यावर पायाची बोटं वर वळतील असं उभं राहा, टाच खाली मोकळी. तीन सेकंदांत टाचा उचला, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली या. एका पायावर, एक दिवसाआड. जमायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवा. बोटं वर वळली की पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते, रहाटावर दोर गुंडाळला जावा तशी. हिक्स यांनी १९५४ मध्ये पावलाची ही रचना मांडली. चढ चढताना पट्टा जास्त का दुखतो, तेही यातून कळतं. म्हणून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट आणि वेगाचे इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं सावकाश असे तुकडे, काही आठवडे बंद, सपाटीवरचं सावकाश पळणं चालू. पळताना थोडं दुखलं तर चालेल, पण निकाल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलावर. ते कालपेक्षा जास्त दुखलं तर अंतर कमी करायचं.

चिरेला मात्र भार नको. मेटाटार्सलची साधी चीर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं शून्य. चालतानाही दुखत असेल तर डॉक्टर देतील तो कडक तळव्याचा बूट निमूट वापरायचा. "हळूहळू जॉग करतो", "फक्त ट्रेडमिलवर" हे काही नाही. गोळी घेऊन पळणं तर नाहीच नाही. दुखणं हाच तुमच्याजवळचा एकमेव मीटर आहे आणि गोळी तो बंद करते.

याचा अर्थ दम घालवून बसायचं असा नाही. कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात पळता येतं. तळाला पाय लागत नाही, म्हणून हाडावर आदळ नाही, आणि छाती मात्र रस्त्यावरच्या इंटरव्हलसारखी भरून येते. मी आठवड्यातून तीनदा पंचेचाळीस मिनिटं करायचे. पाण्यात नाडी रस्त्यापेक्षा कमी दिसते, त्याने निराश होऊ नका. सायकलही चालते, पेडल दाबताना दुखत नसेल तर.

आणि एक गोष्ट, जी चहाच्या टपरीवर कुणी बोलत नाही. पट्टा दुखला तर मी पोटरी किती आखडलीय, माइलेज किती वाढवलं ते विचारते. हाड चिरलं तर ताटात काय होतं ते विचारते. नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि त्यातच तीस किलोमीटरचा लाँग रन, असं करणाऱ्या मैत्रिणी मी दरवर्षी बघते. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर हाडाच्या दुरुस्तीत काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या उपासमारीला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं आहे. पाळी चुकायला लागली की "पळते आहे, होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका. ती तपासणीची वेळ असते. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. पहाटे अंधारात पळून दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याला आपल्या उन्हाचा उपयोग होत नाही.

परत पळायला लागायची वेळ कॅलेंडर एकटं ठरवत नाही. तो बिंदू दाबून दुखायला नको, अर्धा तास भरभर चालून दुखायला नको, त्याच पायावर हलकी उडी मारून दुखायला नको. मग एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, मऊ मैदानावर. माझं पहिल्या दिवशीचं पळणं एकूण सहा मिनिटं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून अंगठ्याने तीच जागा दाबून पाहिली. दुखली नाही. त्या दिवशी सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सहाच मिनिटं पळले.