उम्म कुल्सूम : कुराणपठणातून घडलेला आवाज

अरब जगातली सर्वांत लाडकी गायिका एका इमामाची मुलगी होती. उम्म कुल्सूम यांची गायकी समजून घ्यायची, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं तमाय अल-जहायरा हे त्यांचं गाव. जन्मसालाबद्दल एकमत नाही. कोणी १८९८ सांगतात, कोणी १९०४. वडील इब्राहिम गावच्या मशिदीचे इमाम. कमाई तुटपुंजी, म्हणून लग्नकार्यात आणि सणावारी ते धार्मिक गीतं गात. मुलाला शिकवताना मुलगी नुसतं ऐकून ती गीतं उचलते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पण मुलीने चारचौघांत गाणं लोकांना रुचणारं नव्हतं. मग तिला मुलाचा वेश चढवून ते सोबत नेऊ लागले.

गावच्या मदरशात ती कुराणपठण शिकली. या पठणात प्रत्येक अक्षराचा उच्चार जिथल्या तिथे, स्वच्छ लागतो. माझ्या मते त्यांच्या गाण्याचा खरा पाया हाच. पुढे त्यांनी प्रेमगीतं गायली, तरी एकही शब्द सुरांत विरघळून गेला नाही.

१९२० च्या दशकात कुटुंब कैरोला आलं. शेख अबू अल-इला मुहम्मद यांनी जुन्या कसिदांची, म्हणजे अरबी दीर्घ कवितांची, तालीम दिली. कवी अहमद रामी भेटले आणि त्यांनी जन्मभर त्यांच्यासाठी लिहिलं. संगीतकार अल-कसब्जी, जकारिया अहमद आणि रियाद अल-सुनबाती यांनी चाली बांधल्या.

१९३४ मध्ये इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला आणि हा आवाज घराघरांत पोहोचला. पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री त्यांची मैफल थेट प्रसारित होऊ लागली. एकेक गाणं तासभर, कधी त्याहूनही जास्त चाले. श्रोते दाद देत, तीच ओळ पुन्हा मागत आणि त्या ती दर वेळी नव्याने मांडत. या गाण्यात श्रोत्यांचाही वाटा होता, म्हणून केवळ ध्वनिमुद्रिकांवरून त्यांचं मोल ठरवणं मला अपुरं वाटतं.

१९६७ च्या इस्रायलबरोबरच्या युद्धात इजिप्त हरला. त्यानंतर त्या पॅरिसपासून अनेक अरब शहरांपर्यंत गात फिरल्या आणि मिळालेला पैसा देशाला दिला. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी कैरोत त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेत लाखो लोक रस्त्यावर उतरले. ठरलेला मार्ग बाजूला राहिला आणि गर्दीने त्यांचा जनाजा स्वतःच्या खांद्यांवरून अल-हुसेन मशिदीकडे नेला.