मेक्सिकोला गाडीने जायचंय? आधी परतीचे कागद बघा

सॅन अँटोनियोहून लारेडोची सीमा साधारण २५० किलोमीटर. सीमा ओलांडली की मॉन्तेरेय आणखी सव्वादोनशे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी जेवायला बसू शकतो. टेक्सासमधल्या मराठी मंडळींना हा बेत लाँग वीकेंडला सुचतो तो यामुळेच. हॉटेल बुक होतं, डबे भरले जातात आणि कागदांची आठवण निघायच्या आदल्या रात्री होते.

या प्रवासाला तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. माणसाला मेक्सिकोत शिरायची, गाडीला मेक्सिकोत शिरायची आणि माणसाला अमेरिकेत परत यायची. तपासणी मात्र उलटीकडून करायची. पहिल्या दोन अडल्या तर फार तर पुलावरून माघारी फिरावं लागेल. तिसरी अडली तर घर आणि नोकरी अलीकडे राहते आणि आपण पलीकडे.

परत येण्याचे कागद

ग्रीन कार्ड मुदतीत असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरे. एच-१बी, एच-४, एल-१ (नोकरीवरचे आणि त्यांचे कुटुंबीय) आणि एफ-१ (विद्यार्थी) वाल्यांनी पासपोर्टमधला व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत सांगणारी प्रवेशाची नोंद) या दोन्हींच्या तारखा बघाव्यात. लोक इथेच गल्लत करतात. आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर २०२८ पर्यंतची तारीख असली तरी तो कागद अमेरिकेत राहण्याचा आहे, आत येण्याचा नव्हे.

स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टमधला व्हिसा, संपलेल्यांसाठी अमेरिकेच्या नियमांत एक वाट आहे. फक्त मेक्सिकोला किंवा कॅनडाला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत यायचं असेल आणि आय-९४ मुदतीत असेल, तर संपलेला व्हिसा तेवढ्यापुरता चालू धरला जातो. यालाच ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. आय-९४ ची प्रत, मूळ आय-७९७, नोकरीचं पत्र आणि अलीकडच्या पगाराच्या स्लिपा सोबत ठेवा. एफ-१ वाल्यांच्या आय-२० वर (कॉलेजने दिलेल्या कागदावर) प्रवासाची सही हवी. एक अट मात्र कडक आहे: त्या मुक्कामात तिथल्या अमेरिकन वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत गेली. 'जाताजाता स्टॅम्पिंगही उरकू' हा जुना बेत डोक्यातून काढून टाका. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने अर्जदारांना मायदेशी किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यायला सांगितलं आहे.

ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असेल तर जास्त जपून. मुदतीतल्या एच किंवा एल व्हिसावर परत येणाऱ्यांना सूट आहे. बाकीच्यांनी अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना पूल ओलांडला तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. स्टेटस बदलाचा (अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलण्याचा) अर्ज चालू असेल तर देश सोडूच नये.

मेक्सिकोत शिरण्याचे कागद

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा कुठल्याही प्रकारचा मुदतीतला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर तो माफ आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना त्यांच्या बी-२ (पर्यटक) व्हिसावर बरोबर नेता येतं. त्यांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट घ्या. मेक्सिकोला जाऊन आल्याने त्यांचा अमेरिकेतला मुक्काम वाढेल अशी आशा धरू नका.

आता वरच्या सवलतीची दुसरी बाजू. स्टॅम्पिंग संपलेल्याला अमेरिका परत घेईल, पण मेक्सिको आत घेणार नाही. आय-७९७ किंवा अ‍ॅडव्हान्स पॅरोलचं कार्ड म्हणजे मेक्सिकोच्या लेखी व्हिसा नाही. अशांनी आधी मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमधून, म्हणजे ह्यूस्टन, डॅलस किंवा लारेडोहून, पर्यटक व्हिसा काढावा. पासपोर्ट, फोटो, अमेरिकेतल्या कायदेशीर मुक्कामाचा पुरावा, बँक स्टेटमेंट आणि नोकरीचं पत्र लागतं. वेळ लागतो तो कागदांना नाही, अपॉइंटमेंट मिळायला. घरात एकाचं स्टॅम्पिंग चालू आणि दुसऱ्याचं संपलेलं असं सर्रास असतं, म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा उघडून बघा. मुलं अमेरिकन नागरिक असली तरी त्यांचे पासपोर्ट हवेतच.

सीमेवर प्रत्येकाला एफएमएम हा पर्यटक परवाना मिळतो, जास्तीत जास्त १८० दिवसांचा. त्याचं शुल्क पेसोंमध्ये असतं आणि दर जानेवारीत बदलतं. किती दिवस द्यायचे हे अधिकारी ठरवतो. खिडकी सोडण्यापूर्वी तो आकडा वाचा, कारण गाडीच्या परवान्याची मुदत त्यालाच बांधलेली असते.

गाडीचा परवाना

बाहा कॅलिफोर्नियाच्या दोन्ही राज्यांत आणि सीमेलगतच्या पट्ट्यात गाडीला परवाना लागत नाही. सॅन दिएगोहून एन्सेनादाला किंवा अ‍ॅरिझोनातून पुएर्तो पेन्यास्कोला जाणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. मॉन्तेरेय, सान लुइस पोतोसी किंवा ग्वानाह्वातोकडे जायचं असेल तर वाहनाचा तात्पुरता आयात परवाना हवाच. तो बान्हेर्सितो ही मेक्सिकोच्या सैन्यदलांची बँक देते. ऑनलाइन अर्जही होतो, पण तो काही आठवडे आधी करावा. निघायच्या तोंडावर करण्यात अर्थ नाही. सीमेवरच्या खिडकीवर त्याच दिवशी मिळतो.

लागतं ते असं: पासपोर्ट, शिक्का मारलेला एफएमएम, गाडीचं चालू रजिस्ट्रेशन किंवा टायटल (मालकीचा कागद), आणि अमेरिकेतलं लायसन्स. प्रत्येकाचं मूळ आणि झेरॉक्स. एफएमएमची झेरॉक्स घरून आणता येत नाही, कारण तो तिथेच मिळतो. म्हणून झेरॉक्सच्या खिडकीसाठी सुटे पेसो किंवा डॉलर खिशात ठेवा. गाडीवर लोन असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं पत्र घ्या. त्यात व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), तुमचं नाव आणि गाडी मेक्सिकोत नेण्याची संमती हवी. भाड्याच्या गाडीला कंपनीचं लेखी परवानगीपत्र लागतं, आणि बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत. गाडीचं वजन ३.५ टनांच्या आत हवं.

परवान्यासाठी अनामत भरावी लागते, गाडी मुदतीत परत नेली की ती परत मिळते. ती गाडीच्या मॉडेलच्या वर्षावर ठरते: २००७ आणि पुढच्या गाडीला ४०० डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याआधीच्या गाडीला २००. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं, आणि ते परत मिळत नाही. एका माणसाच्या नावावर एका वेळी एकच परवाना निघतो.

आपल्याकडच्यांची खरी अडचण नावाची. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, लायसन्सवर नुसतं स्वतःचं, रजिस्ट्रेशनवर मधल्या नावाचं एकच अक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी एक फाटा. बान्हेर्सितोच्या खिडकीतला कारकून स्पॅनिश पद्धतीच्या दोन आडनावांना सरावलेला असतो. वडिलांचं नाव त्याला पहिलं आडनाव वाटतं. म्हणून परवाना छापून हातात आला की नाव, व्हीआयएनचे सतराही अक्षर-आकडे आणि नंबरप्लेट तिथेच ताडून बघा. रजिस्ट्रेशन नवऱ्याच्या नावावर असताना परवाना बायकोच्या नावावर काढता येतो, पण मग लग्नाचा दाखला लागतो, आणि महापालिकेचा मराठीतला दाखला त्या खिडकीत कुणी वाचणार नाही. ज्याच्या नावावर गाडी, त्यानेच रांगेत उभं राहावं. सोपं पडतं.

विमा

अमेरिकेतली पॉलिसी मेक्सिकोत कायदेशीर विमा म्हणून चालत नाही, मग एजंट फोनवर काहीही म्हणो. तिथल्या कंपनीची पॉलिसी ऑनलाइन, दिवसांच्या हिशेबाने मिळते. अपघातात कुणी जखमी झालं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवलं जाऊ शकतं, त्यामुळे कायदेशीर मदतीचं कलम नसलेली स्वस्त पॉलिसी घेऊ नये. दुसऱ्याच्या नुकसानीची मर्यादा किमान ३ लाख डॉलर, जमल्यास ५ लाख. पॉलिसी छापून घ्या. पोलिसाला मोबाइलचा पडदा दाखवून भागेलच असं नाही.

सीमेच्या दिवशी

लारेडोहून दोन मार्ग आहेत. शहरातला दोन नंबरचा पूल सरळ नुएवो लारेडोत उतरवतो. ते शहर तामाउलिपास राज्यात, आणि त्या राज्याबद्दल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना सर्वांत वरच्या, 'जाऊ नका' या पातळीची आहे. वायव्येला चाळीसेक किलोमीटरवरचा कोलंबिया पूल थेट नुएवो लेओन राज्यात उतरतो, तिथे गर्दी कमी आणि दोन्ही परवाने एकाच ठिकाणी. वळसा पडला तरी कुटुंबासाठी हाच बरा. तो रात्री बंद असतो, म्हणून सकाळी उघडताच पोचा आणि उजेडात मॉन्तेरेय गाठा.

मेक्सिकोत शिरताना कुणी हात दाखवून कागद मागेलच असं नाही. कस्टमचा हिरवा दिवा लागला की गाड्या सुसाट निघतात, आणि नवखा माणूसही त्यांच्यामागे जातो. परवाने घ्यायची कचेरी आपणच शोधून थांबायचं असतं. नाही थांबलात तर आतल्या नाक्यावर गाडी अडते आणि सगळा रस्ता उलटा कापावा लागतो.

खोकला-सर्दीच्या औषधांकडे नीट बघा. स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं अमेरिकेत मिळत असली तरी मेक्सिकोत त्यांना बंदी आहे. ई-सिगारेटही नको. बंदुकीची एखादी गोळी डिकीत राहिली असेल तरी थेट तुरुंगाचं प्रकरण होतं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर स्टेपनीखालची जागासुद्धा झाडून घ्या. बिया, ताजी फळं आणि कच्चं मांस टाळा. खायला चकल्या-चिवडा न्या.

पेट्रोलपंपावर माग्ना म्हणजे हिरवा नळ, आपलं नेहमीचं रेग्युलर. आकडा शून्यावर आलाय का ते बघून मगच भरू द्या. टोलला पेसो रोख ठेवा. हायवेवर गाडी बंद पडली तर ०७८ वर 'हिरवे देवदूत' ही सरकारी मदत मिळते. मेक्सिको सिटीत बाहेरच्या नंबरप्लेटवर दिवस आणि वेळेचे निर्बंध आहेत. तिथे गाडी न नेलेलीच बरी.

परतताना

गाडीच्या काचेवर, आरशामागे लावलेला परवान्याचा होलोग्राम स्टिकर स्वतः काढू नका. पूल चढण्याआधी बान्हेर्सितोच्या खिडकीवर थांबा. अधिकारी व्हीआयएन तपासतो, स्टिकर काढतो आणि परवाना रद्द झाल्याची पावती देतो. अनामत कार्डाने भरली असेल तर कार्डावर जमा होते, रोख भरली असेल तर रोख मिळते. हे अमेरिकेत आल्यावर करता येत नाही. मुदत एका दिवसानेही उलटली तर अनामत सरकारजमा, आणि जुना परवाना उघडा राहिला तर पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीला नवा निघत नाही. रद्द केल्याची पावती गाडीच्या कागदांत कायमची ठेवा.

घरी आल्यावर आठवडाभरात आय-९४ ऑनलाइन काढून तारीख बघा. सीमेवर नवा आय-९४ दिला गेला आणि पासपोर्टची मुदत आय-७९७ च्या आधी संपत असेल, तर अधिकारी पासपोर्टचीच तारीख टाकतो. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा बघावा लागतो, मुलांचासुद्धा.