सायप्रस कोणत्या खंडात आणि भारत कोणत्या गटात?

इंदूरला रामबागेत आमच्या गणेशोत्सवात मुलांची प्रश्नमंजूषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. "सायप्रस कोणत्या खंडात येतो?" या प्रश्नाचं माझ्या चिठ्ठीवरचं उत्तर होतं आशिया. पहिल्या गटाने तेच सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या गटातली नववीतली एक मुलगी उठली. "काका, सायप्रस २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे. मग तो आशियात कसा?" मंडपात बसलेले पालकही वादात उतरले आणि आरतीला चांगला अर्धा तास उशीर झाला. मी दोन्ही गटांना गुण दिले. पण असं का केलं, हे त्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

खंड म्हणजे निसर्गानेच पाडलेले तुकडे, असं आपण शाळेपासून धरून चालतो. युरोप आणि आशियाच्या बाबतीत ते खरं नाही. दोन्ही मिळून जमिनीचा एकच सलग पट्टा आहे. उरल पर्वत ही त्यांच्यामधली सीमा मानायची, असं अठराव्या शतकात भूगोलकारांनी ठरवलं. उरल हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टकरीतून उभा राहिलेला म्हातारा पर्वत. आज तो एकाच भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एकाच सरकत्या तुकड्याच्या, पोटात आहे. उलट आपला भारत मूळचा वेगळ्या भूपट्टावरचा. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला येऊन धडकला आणि ती टक्कर अजून चालू आहे, हिमालय त्यातूनच वर आला. भूगर्भशास्त्राला विचारलं, तर स्वतंत्र खंड म्हणवून घेण्याचा हक्क युरोपापेक्षा भारताचा जास्त.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाने देशांची जी विभागणी केली आहे, तीत सायप्रस पश्चिम आशियात, इराण आपल्याबरोबर दक्षिण आशियात आणि रशिया अख्खाच्या अख्खा पूर्व युरोपात आहे. रशियाची बरीचशी जमीन उरलच्या पूर्वेला आहे, तरीही. ही विभागणी आकडेवारीच्या सोयीसाठी आहे, हे तो विभाग स्वतःच स्पष्ट लिहितो. फुटबॉलवाल्यांची विभागणी आणखी वेगळी: ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात खेळतो आणि कझाकस्तान २००२ पासून युरोपात. म्हणजे उत्तर कोणाची यादी धरता यावर ठरतं, म्हणून दोन्ही गटांना गुण.

इथे एका फिरत्या संदेशाबद्दल बोललंच पाहिजे. 'आपल्या पूर्वजांना सात खंड माहीत होते, पुराणातली सप्तद्वीपं म्हणजे तेच' असा तो संदेश आहे. पुराणातलं वर्णन मुळातून वाचा. जंबुद्वीप मधोमध, त्याभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, त्याभोवती दुसरं द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, अशी एकात एक वलयं आहेत. ती कल्पना भव्य आहे आणि तशीच वाचायला हवी. तिच्यावर अंटार्क्टिका चिकटवायचं काही कारण नाही. शिवाय 'सात' हा आकडाच सगळीकडे मान्य नाही. काही देशांत मुलांना सहा खंड शिकवतात, कुठे दोन्ही अमेरिका एक धरून, तर कुठे युरोप-आशिया एक धरून.

आता देशांच्या दुसऱ्या विभागणीकडे, विकासाच्या. तीही माणसांनीच केलेली आहे. 'विकसित' आणि 'विकसनशील' या शब्दांची एकच पक्की व्याख्या कुठेही नाही. जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच स्वतःला विकसनशील जाहीर करतो. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशकांच्या आकडेवारीतून ही जोडी काढून टाकली. बँक दरडोई उत्पन्नावरून चार गट करते. २०२४ च्या उत्पन्नानुसार १३,९३५ डॉलरच्या वर असलेला देश उच्च उत्पन्नाचा. भारत निम्न-मध्यम गटात आहे. अर्थव्यवस्थेच्या एकूण आकारात आपण पहिल्या पाचांत आहोत याचा गजर रोज कानावर पडतो. पण तो आकडा १४० कोटींहून अधिक लोकांच्या कमाईची बेरीज आहे. माणसागणिक काय वाट्याला येतं, हे त्यातून कळत नाही.

मला मनापासून आवडतो तो मानव विकास निर्देशांक. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने तो मांडला आणि १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला अहवाल आला. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्ही बाबींना ० ते १ मध्ये गुण द्यायचे. भारताचे २०२३ चे आकडे घेऊन गणित करून पाहू, वही-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

आरोग्य: अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं. किमान २० आणि कमाल ८५ धरतात. (७२ − २०) भागिले ६५, म्हणजे ०.८०.

शिक्षण: शाळेत येणाऱ्या मुलाला पुढे मिळू शकणारी वर्षं १३, त्याला भागिले कमाल १८, म्हणजे ०.७२. प्रौढांना प्रत्यक्ष मिळालेली वर्षं सरासरी ६.९, त्याला भागिले कमाल १५, म्हणजे ०.४६. दोन्हींची सरासरी ०.५९.

उत्पन्न: क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींमधला फरक जमेस धरून, दरडोई ९,०४७ डॉलर. किमान १०० आणि कमाल ७५,०००. इथे सरळ भागाकार करत नाहीत, लॉग (लॉगॅरिदम) घेतात. ज्याची दिवसाची कमाई तीनशे रुपये आहे, त्याला आणखी तीनशे मिळाले तर घरात दूध आणि डाळ येते. सराफ्यातल्या पेढीवाल्याला तेवढेच मिळाले तर त्याच्या लक्षातही येणार नाही. लॉग नेमकं हेच मोजतो: उत्पन्न १०० चं २०० झालं काय किंवा १०,००० चं २०,००० झालं काय, गुण सारखेच वाढतात, सुमारे ०.१०५. भारताचं उत्पन्न आणि कमाल आकडा, दोन्हींना आधी किमान १०० ने भागायचं. मग ९०.४७ चा लॉग भागिले ७५० चा लॉग, म्हणजे ०.६८.

आता तिन्हींची बेरीज करून तीनाने भागायचं? २००९ च्या अहवालापर्यंत तसंच करत. त्यानंतर गुणाकार करून घनमूळ काढतात, म्हणजे भूमितीय मध्य. फरक मोठा आहे. एखाद्या देशाचे गुण ०.९, ०.९ आणि ०.३ असतील, तर साधी सरासरी ०.७० येते आणि भूमितीय मध्य ०.६२. दोन बाबतींत चमकून तिसरीतली पडझड झाकता येत नाही. भारताचा गुणाकार ०.३२२, घनमूळ ०.६८५. अहवालातही हाच आकडा आहे आणि १९३ देशांत क्रमांक १३० वा.

या निर्देशांकातला 'उच्च' गट ०.७०० पासून सुरू होतो. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त उत्पन्नाच्या जोरावर तिथे पोचायचं, तर दरडोई ९,०४७ चे सुमारे १२,२०० डॉलर व्हायला हवेत, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढ. तेच फक्त शिक्षणाच्या वाटेने जायचं, तर प्रौढांच्या शिक्षणाची सरासरी ६.९ वरून ८.१ वर्षांवर गेली की पुरे. हे गणित मी तीनदा ताडून पाहिलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. सगळ्यांत कमी गुण शिक्षणात आहेत, म्हणून तिथली थोडी भरही गुणाकाराला सगळ्यांत जास्त वर नेते.

ही वाट मात्र सावकाश चालते. ६.९ हा आकडा २५ वर्षांवरच्या माणसांचा आहे. सायप्रसवरून भांडणारी नववीतली मुलगी आज त्यात नाही. ती अजून अपेक्षित १३ वर्षांच्या रकान्यात आहे. दुसऱ्या रकान्यात यायला तिला आणखी दहा-अकरा वर्षं लागतील.