कॅमकॉर्डर : बाह्य ध्वनिग्रहण

चित्र टिपणारा कॅमेरा आणि चित्र-ध्वनी नोंदवणारा मुद्रक एकाच पेटीत बसवलेले उपकरण म्हणजे कॅमकॉर्डर. त्याच्या अंगच्या माइकवर न विसंबता वक्त्याजवळच्या, गायकाजवळच्या किंवा सभामंडपातील लाऊडस्पीकरच्या यंत्रणेतील आवाज तारेने अथवा बिनतारी आणून त्यात नोंदवणे, यास बाह्य ध्वनिग्रहण म्हणतात. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील (अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी) मराठी भाषक पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर व भोवतीची गावे, खानापूर आणि निपाणी या भागांत, पारायणे, भजन-कीर्तन, कुस्ती मैदाने, ग्रामीण साहित्य संमेलने आणि अर्थातच लग्ने यांच्या मुद्रणात त्याची गरज पडते. हे काम करणाऱ्यास सर्वत्र ‘शूटिंगवाला’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत कॅमेऱ्याची निवड व जोडणी यांचा मुख्यतः विचार केला आहे.

उगम : पहिला कॅमकॉर्डर कोणता, यावर संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. सोनी कंपनीने १९८० मध्ये असा एक नमुना दाखवला होता. परंतु तो विक्रीस न आल्याने त्याला पहिलेपणा देण्यास बहुतेक लेखक तयार नसतात. वृत्तसंकलनासाठीची बीटाकॅम प्रणाली १९८२ ची. अमेरिकेतील आरसीए कंपनीचा हॉकआय हा कॅमेराही साधारण त्याच सुमाराचा असून काहींनी अग्रमान त्याला दिला आहे. घरगुती वापरापुरता पाहिल्यास १९८३ च्या बीटामूव्हीचे नाव सामान्यतः घेतले जाते. ध्वनीच्या अंगाने मात्र जेव्हीसीच्या जीआर-सी१ (१९८४) पासून मोजणे अधिक सयुक्तिक ठरावे. बीटामूव्हीवर मुद्रण होई, पण झालेले मुद्रण त्याच यंत्रावर परत लावता येत नसे. आवाज नीट आला की नाही हे कार्यक्रम उठल्यावर घरी जाऊन कळणे, ही ध्वनिमुद्रणाची सोय म्हणता येत नाही.

व्हीएचएस पद्धतीत ध्वनी फितीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर नोंदवला जाई. पाल या (भारतातील) चित्रप्रणालीत या फितीचा वेग सेकंदाला सुमारे २.३४ सेंमी., म्हणजे ऑडिओ कॅसेटच्या (४.७६ सेंमी.) निम्म्याहूनही थोडा कमी. जुन्या लग्नांच्या कॅसेटींतील दबका, घुसमटलेला आवाज पुष्कळ अंशी यामुळे आहे. फिरत्या शीर्षांनी (हेड) ध्वनी नोंदवणारी हाय-फाय पद्धत नंतर आली, तरी ती सर्व कॅमेऱ्यांत नव्हती. डीव्ही या अंकीय (डिजिटल) फितीच्या प्रणालीने (१९९५) १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचे दोन चॅनल (ध्वनीचे स्वतंत्र मार्ग) दिले आणि फितीचा दोष जवळजवळ संपवला. याच प्रणालीत १२ बिट, ३२ किलोहर्ट्‌झचा पर्यायही होता आणि काही कॅमेरे कारखान्यातून त्यावरच लावलेले येत. सीमाभागात शूटिंगचा प्रवेश बहुधा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लग्नकार्यांतून झाला असावा. पॅनासॉनिकचे एम ३०००, एम ९००० हे खांद्यावरचे कॅमेरे त्या परंपरेतले.

अंतराचा प्रश्न : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने (डेसिबल हे ध्वनिपातळी मोजण्याचे माप) उतरते. वक्त्यापासून ५ मी. वर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याचा माइक आणि वक्त्याच्या छातीवर, तोंडापासून २० सेंमी. वर लावलेला कॉलर माइक यांत म्हणून सुमारे २८ डेसिबलचा फरक पडतो. मंडपातील पंखे, जनरेटर, मागच्या रांगेतील गप्पा आणि लहान मुले यांची पातळी मात्र तेवढीच राहते. कॅमेरा कितीही महाग असला तरी हे गणित बदलत नाही. झूम केल्याने चित्र जवळ येते; आवाज जिथल्या तिथे राहतो.

निवड : बाह्य माइकसाठी कॅमकॉर्डर घेताना चित्रबिंदूंच्या संख्येआधी चार गोष्टी तपासाव्यात : माइक जोडण्याची खाच, हेडफोनची खाच, ध्वनिपातळी हाताने ठरवण्याची सोय आणि ती पातळी दाखवणारा मापक पडद्यावर दिसतो का. यांतील दुसरी व तिसरी सोय स्वस्त घरगुती कॅमेऱ्यांत अनेकदा गाळलेली असते आणि विकत घेताना कोणी विचारतही नाही.

माइकच्या खाचा मुख्यतः दोन प्रकारच्या. ३.५ मिमी.ची खाच, जिला दुकानात ईपी म्हणतात, ती असंतुलित असते (आवाजाची एकच तार व भूमी) व तिच्यातून माइकला काही व्होल्टचा अल्प पुरवठा (प्लग-इन पॉवर) मिळतो. तीन टोकांची एक्सएलआर, अर्थात बाजारातली कॅनन पिन, संतुलित असते, म्हणजे तोच आवाज सुलट व उलट असा दोन तारांतून नेते. लांब तारेत शिरलेला गोंगाट ती बराचसा रद्द करते आणि तिच्यातून संधारित्र (कंडेन्सर) माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देता येतो. या दोहोंतील निवड कॅमेऱ्याच्या आकारावरून करू नये. सोनीचे व्हीएक्स २००० व पीडी १५० हे २००० सालचे कॅमेरे पुष्कळ अंशी एकाच घडणीचे. पण पहिल्यात ३.५ मिमी.ची खाच, तर दुसऱ्यात दोन एक्सएलआर. उलट त्याच कंपनीचा एचडी १००० हा खांद्यावर घेण्याचा, मांडवात वजनदार दिसणारा कॅमेरा. त्यात माइकसाठी मिळते ती ईपीच. यजमानावर छाप पडते, एवढा त्याचा उपयोग मान्य करावा लागेल.

ईपीचाच कॅमेरा हाती असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. मात्र साधा डायनॅमिक हँड माइक त्यावर थेट जोडल्यास संकेत फार क्षीण पडतो, पातळी वाढवावी लागते आणि कॅमेऱ्याच्या प्रवर्धकाची (अँप्लिफायर) सळसळ वर येते. ४८ व्होल्टवर चालणारा माइक तर या खाचेवर मुळीच चालत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याखाली बसणारी एक्सएलआर जोडपेटी किंवा छोटा मिक्सर मध्ये घ्यावा.

जोडणी : माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरच्या ‘रेकॉर्ड आउट’वर मिळणारा लाइन संकेत घरगुती प्रमाणानुसार (−१० डीबीव्ही) सुमारे ०.३२ व्होल्ट, व्यावसायिक प्रमाणानुसार (+४ डीबीयू) सुमारे १.२३ व्होल्ट. साउंडवाल्याकडून आलेली वायर तशीच माइकच्या खाचेत घातली की आवाज फाटतो, आणि कॅमेऱ्यावरची पातळी शून्याजवळ आणली तरी फाटतच राहतो. कारण बिघाड नियंत्रकाच्या आधीच्या टप्प्यावर झालेला असतो. कॅमेऱ्यावर माइक/लाइन बटण असेल तर ते लाइनवर करावे. नसेल तर ४० डेसिबलचा, म्हणजे सुमारे शंभर पट क्षीणन करणारा दुवा लागतो. १० किलोओहम व १०० ओहम अशा दोन रोधांनी (रेझिस्टर) तो बनतो. ते पी-३८ या जाड (६.३५ मिमी.) पिनेच्या टोपणात सहज मावतात. प्लग-इन पुरवठा अडवण्यासाठी जोडीला एक संधारित्र (कपॅसिटर) घालावे.

यापुढचा दोष अधिक फसवा आहे. कॅनन पिनेचे १ हे टोक कवचाचे, २ धन व ३ ऋण. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकाने (एईएस १४) हे पक्के केले. तत्पूर्वीच्या, विशेषतः अमेरिकी, काही यंत्रांत ३ हे टोक धन असे, आणि जुन्या-नव्या सामग्रीच्या मिश्रणात दोन माइकांची कला (फेज) परस्परविरुद्ध होऊन आवाज पातळ होतो असे काही जाणकार सांगतात. ते खरे असले तरी प्रत्यक्षात तक्रारींचे मूळ बहुधा कॅनन-ते-ईपी या तयार वायरीत सापडते. ईपी पिनेचे टोक डाव्या चॅनलचे, मधले कडे उजव्याचे व बूड भूमीचे. तयार वायरीत अनेकदा कॅननचे २ ईपीच्या टोकाला आणि ३ कड्याला जोडलेले असते. तीन तारा, तीन जागा : दिसायला चोख काम. पण त्यामुळे एकच आवाज डाव्या चॅनलमध्ये सुलट आणि उजव्यात उलट नोंदवला जातो. हेडफोनवर तो रुंद, किंचित पोकळ भासतो. नवख्याला तर तो ‘स्टिरिओ’ म्हणून आवडतोही. तेच चित्रीकरण एका स्पीकरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर लावले की दोन्ही चॅनल एकत्र होऊन परस्परांना रद्द करतात. ओठ हलतात, मागचा गलका ऐकू येतो, बुवांचा आवाज मात्र गायब. माइक बिघडला असे समजून नवा आणला जातो, आणि तोही तसाच ‘बिघडतो’.

योग्य जोडणीत कॅननचे २ ईपीच्या टोकाला व कड्याला, अशा दोहोंना, तर ३ व १ दोन्ही बुडाला जोडतात. (मिक्सरच्या संतुलित निर्गमावरून घेताना ३ मोकळे सोडणे काही यंत्रांत अधिक सुरक्षित असते.) आधीच झालेले मुद्रण वाचवणे सोपे आहे : एडिटिंगमध्ये एक चॅनल काढून दुसराच दोन्हीकडे घ्यावा. याउलट मोनो ईपी पिन स्टिरिओ खाचेत घातल्यास कडे भूमीला टेकते आणि आवाज एकाच कानात येतो. तो दोष लगेच लक्षात येत असल्याने कमी उपद्रवी.

कॅमेरा व साउंडवाल्याचा प्रवर्धक वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असले तर भूमी-वलय (ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या तारांतून होणारा बंद फेरा) तयार होऊन ५० हर्ट्‌झची व तिच्या पटींतली गुणगुण येते. कॅमेरा बॅटरीवर चालवल्यास ती बहुधा थांबते. न थांबल्यास १:१ ध्वनी-रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) मध्ये घालावे. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे. जोडणीच्या या बोलाचालीत ‘पिन’, ‘लाइन’, ‘अर्थ’ हेच शब्द चालतात, त्यामुळे साउंडवाला कानडी आणि शूटिंगवाला मराठी असला तरी काम अडत नाही.

पातळीचे नियंत्रण : स्वयंचलित पातळीनियंत्रण शांततेत पातळी चढवते व मोठ्या आवाजावर दाबते. सभेतील भाषणाला ते चालून जाते. भजनाला चालत नाही. टाळांचा प्रत्येक ठोका नियंत्रकाला दाबायला लावतो आणि त्या दाबात गायकाचे शब्द बुडतात, ठोक्याठोक्याला आवाज आत-बाहेर केल्यासारखा होतो. टाळकऱ्यांपासून माइक दूर, गायक व पेटीच्या बाजूला वळवून, पातळी हातानेच ठेवावी. लग्नात कसोटी शेवटच्या मंगलाष्टकाला लागते. ‘सावधान’ म्हणताच अक्षता पडतात आणि त्याच क्षणी वाजंत्री सुरू होतात. भटजींच्या आवाजावर ठरवलेली पातळी तिथे फुटते. म्हणून पातळी वाजंत्र्यांवर ठरवावी, किंवा दोन चॅनलचा कॅमेरा असेल तर तोच संकेत दुसऱ्या चॅनलवर १० डेसिबल खाली ठेवून घ्यावा. अंकीय मुद्रणात ० डेसिबलच्या वर काहीच नसते, तेथून पुढचा आवाज कापला जातो. बोलण्याची शिखरे −१२ डेसिबलच्या आसपास ठेवलेली बरी.

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील साहित्य संमेलनांत व्यासपीठावरचा माइक आयोजकांचा असतो, त्यामुळे मिक्सरवरून लाइन घेणे सर्वांत सोयीचे. तिच्यात श्रोत्यांचा हशा व टाळ्या येत नाहीत. कविसंमेलन तर त्यावाचून निर्जीव वाटते. दुसऱ्या चॅनलवर कॅमेऱ्याचा माइक श्रोत्यांसाठी ठेवावा. मात्र दोन्ही सरमिसळ करताना जपावे लागते. तारेतला आवाज तत्काळ पोहोचतो, हवेतला सेकंदाला सुमारे ३४० मी. या वेगाने. कुस्तीच्या वेळी आनंदवाडीच्या आखाड्यावर किंवा येळ्ळूरच्या मैदानावर कर्ण्यापासून ३४ मी. वर कॅमेरा असेल, तर निवेदकाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर एक दशांश सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम) हिशेबाने अडीच चौकटी उशिरा येतो. दोन्ही एकत्र केले की निवेदन दुहेरी ऐकू येते. एक चॅनल तेवढा सरकवून घेतल्यास ते जुळते; हलगी जवळची असली तर तिच्यासाठी वेगळा हिशेब.

स्वतंत्र मुद्रक : कॅमेऱ्याला तार न जोडता खिशातल्या ध्वनिमुद्रकावर आवाज घेऊन नंतर चित्राशी जुळवणे ही पद्धत आता पुष्कळांनी पत्करली आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की जुळवणीची खूण मिळते. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात : दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल तर तासाभरात ०.०७ सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन चौकटी. दोन-अडीच तासांच्या कीर्तनात शेवटी ओठ आणि शब्द निसटू लागतात. मध्यंतरात किंवा अभंग बदलताना पुन्हा एक टाळी घ्यावी, आणि कॅमेऱ्याच्या अंगचा माइक संदर्भासाठी चालूच ठेवावा.

हवामान : खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात पत्र्याच्या मांडवावर पाऊस आपटू लागला की तोंडाशी धरलेल्या माइकवाचून दुसरा उपाय उरत नाही. दमट हवेत संधारित्र माइक कडकडतो. तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. फितीच्या कॅमेऱ्यांत दव साठल्याची सूचना येऊन यंत्रच थांबत असे. महालक्ष्मी यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते तेव्हा माइकवर फोम व त्यावर पातळ पिशवी लागते, आणि न वापरलेल्या खाचांवर रबरी टोपणे बसवावी लागतात. ईपी खाचेत शिरलेली हळद ओलसर होऊन पिनेचा स्पर्श बिघडवते आणि आवाज तुटक येऊ लागतो. ती कोरड्या ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, पाण्याने नव्हे.