महेंद्रपर्वत

महेंद्रपर्वत : ख्मेर साम्राज्याच्या आरंभकाळातील राजधानी. कंबोडियात ख्मेरांची नंतरची राजधानी अंगकोर हिच्या ईशान्येला सुमारे 40 किमी.वर असलेल्या नोम कुलेन या डोंगरपठारावर ती वसली होती. थायलंडमधील स्दोक कोक थोम मंदिरातला 11व्या शतकातील संस्कृत-ख्मेर शिलालेख सांगतो, की हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने इथे विधी करून ख्मेर राजा दुसऱ्या जयवर्मन्‌ला चक्रवर्ती केले. हा प्रसंग इ. स. 802 मधला मानतात.

नाव ठाऊक होते, नगर मात्र दिसत नव्हते. ख्मेर लोक वीट-दगड देवासाठी राखत. माणसांची घरेच काय, राजवाडाही लाकडाचा. ते सारे कुजून गेले आणि रानात सुटी सुटी देवळे तेवढी उरली. फ्रेंच अभ्यासक फिलिप स्टर्न यांनी 1936 मध्ये त्यांतली अनेक नोंदवली. पुढे यादवी युद्ध आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात डोंगरावर भूसुरुंग पेरले गेले, त्यामुळे पायी पाहणी जिवावरची झाली.

2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून लायडार (लेसर किरणांनी जमीन मोजण्याचे तंत्र) सर्वेक्षण झाले. 2015 मध्ये ते बरेच वाढवण्यात आले. लेसरच्या असंख्य किरणांपैकी मोजकेच पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. ते परतायला लागणाऱ्या वेळेवरून जमिनीची उंची काढतात आणि संगणकावर झाडे वगळतात. रानातून चालताना साधा उंचवटा वाटणारा मातीचा बांध या नकाशावर कित्येक किलोमीटर सरळ धावताना दिसतो, दुसऱ्याला काटकोनात छेदतो. अशी 40 ते 50 चौ. किमी.ची चौकटबद्ध आखणी उघड झाली. रोंग चेन हे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर, राजवाड्याची जागा, अर्धवट राहिलेला प्रचंड तलाव, सगळे तिच्यात नेमके बसते.

‘हरवलेले शहर लेसरने शोधले’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या. त्या अन्यायकारक आहेत. पुरातत्त्वज्ञ ज्यां-बाप्तिस्त शेवांस आणि त्यांचे ख्मेर सहकारी आधीपासून गावकऱ्यांच्या वाटांनी हा डोंगर धुंडाळत होते. बांध कुठे आहे हे लेसर दाखवतो. तो केव्हाचा, हे खोदून कोळशाचे आणि खापरांचे वय काढल्यावरच कळते.

सिएम रीप नदी याच डोंगरावर उगम पावते. तिच्या पात्रातल्या खडकात शेकडो शिवलिंगे कोरलेली आहेत आणि त्यांच्यावरून वाहिलेले पाणी खाली अंगकोरच्या भातखाचरांना मिळत असे.