१९६ ची बेरीज अजून जुळलेली नाही

‘रामाला भाला मारा.’ हे वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं तरी तेच राहतं. ‘ती होडी जाडी होती’ याचंही तसंच. मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर कुणी असं एक वाक्य टाकलं की पाठोपाठ ‘चिमा काय कामाची’ येतं, मग ‘तो कवी डालडा विकतो’ येतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यायची की नाही यावर वाद सुरू होतो. हा वाद मला अगदी रास्त वाटतो. उलट फिरवायचं म्हणजे नेमकं काय फिरवायचं, हे ठरल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही.

मराठीत आपण अक्षर धरून उलटं वाचतो. ‘ती’ हे एक अक्षर, त्यामुळे वेलांटी ‘त’सोबतच फिरते. संगणकात मात्र ‘ती’ दोन वेगळ्या खुणांनी साठवलेली असते, आधी ‘त’ आणि मग वेलांटी. साध्या प्रोग्रॅमला वाक्य उलटं करायला सांगितलं तर तो वेलांटी आधी ठेवतो आणि ‘त’ नंतर, आणि जुळलेलं वाक्य विस्कटतं. वाक्य तेच, पण लिहिण्याची रीत बदलली की गुण गेला. ही गोष्ट पुढे आकड्यांच्या बाबतीतही कामाला येणार आहे.

या खेळात आपल्याकडे एक विलक्षण माणूस होऊन गेला. सोळाव्या शतकात गोदावरीच्या परिसरातल्या पार्थपूरला, म्हणजे बहुधा आजच्या पाथरीला, सूर्य पंडित नावाचे ज्योतिषी आणि गणिती होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर त्यांनी टीका, म्हणजे भाष्यं, लिहिली. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्यांचंच. त्यातला श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा, उलट वाचला तर कृष्णाची. समीकरणं सोडवणं आणि अक्षरं फिरवणं या दोन्ही गोष्टी एकाच बुद्धीला सुचाव्यात, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता आकडे. १२१ किंवा ९३३९ अशा, दोन्हीकडून सारख्याच दिसणाऱ्या संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात. खेळ असा आहे: कुठलीही संख्या घ्या, तिचे अंक उलटे लिहा आणि दोन्हींची बेरीज करा. उत्तर पॅलिंड्रोम आलं तर थांबा, नाहीतर त्या उत्तरावर पुन्हा तेच करा. १९५ घेऊ. १९५ + ५९१ = ७८६. मग ७८६ + ६८७ = १४७३. मग १४७३ + ३७४१ = ५२१४. आणि ५२१४ + ४१२५ = ९३३९. चौथ्या पायरीला सुटलं.

हे असं का होतं? ३१२ + २१३ करून बघा. एककाच्या घरात २ + ३, शतकाच्या घरात ३ + २. समोरासमोरच्या घरांत त्याच दोन अंकांची बेरीज येते, म्हणून उत्तर ५२५ येतं आणि ते पॅलिंड्रोम असणारच. यात मोडता घालतो तो हातचा. हातचा कायम डावीकडच्या घरात जातो, उजवीकडे कधीच जात नाही, आणि म्हणून दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो. हातचा नसेल तर उत्तर जुळलंच. हातचा असूनही कधी कधी जुळतं, जसं ५६ + ६५ = १२१, पण तो योगायोग.

दोन अंकी संख्यांचा निकाल तर कागदाच्या एका पानावर लागतो. दशकात अ आणि एककात ब असेल, तर संख्या आणि तिची उलट मिळून (अ + ब) × ११ होतात. म्हणजे पुढचं सगळं फक्त अंकांच्या बेरजेवर ठरतं. ५९, ६८, ७७, ८६, ९५ या सगळ्यांची पहिली बेरीज १५४, त्यामुळे पुढचा प्रवासही एकच: ६०५, मग ११११. ७९ आणि ९७ यांना सहा पायऱ्या लागतात आणि ४४०४४ मिळतं. ८९ आणि ९८ ही जोडी मात्र दमवते. १८७, ९६८, १८३७, ९२१८, १७३४७ असं करत करत चोविसाव्या पायरीला ८८१३२०००२३१८८ येतं. हे हाताने करून बघाच. बाविसाव्या-तेविसाव्या पायरीला हे कधी संपणारच नाही असं वाटू लागतं आणि पुढे उत्तर समोर येतं. शाळेत बेरजेचा सराव म्हणून जी कंटाळवाणी उदाहरणं देतात, त्यांच्याऐवजी मुलांना ८९ द्यावं असं मला मनापासून वाटतं.

१९५ चौथ्या पायरीला सुटला, मग शेजारच्या १९६ चं काय? ८८७, १६७५, ७४३६, १३७८३, ५२५१४, ९४०३९, १८७०८८... या बेरजेतून आजवर कुणालाही पॅलिंड्रोम मिळालेलं नाही. ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन वॉकर यांनी १९८७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संगणकाला हे काम लावून दिलं. मे १९९० मध्ये, २४,१५,८३६ पायऱ्यांनंतर, संख्या १० लाख अंकांची झाली आणि प्रोग्रॅम थांबला. पॅलिंड्रोम नव्हतंच. २०१५ साली रोमँ डोल्बो यांनी ही साखळी १०० कोटी अंकांपर्यंत नेली, तरीही नाही. कधीच पॅलिंड्रोम न होणाऱ्या संख्येला ‘लायक्रेल’ म्हणतात. वेड व्हॅनलँडिंगहॅम यांनी हे नाव आपल्या मैत्रिणीच्या नावातली अक्षरं उलटीपालटी करून बनवलं. म्हणजे आकड्यांच्या कोड्याचं नावसुद्धा शब्दांच्या खेळातूनच आलं.

इतक्या पायऱ्या केल्या तर कधीतरी जुळेलच, असं मन म्हणतं. हिशेब याच्या उलट सांगतो. समोरासमोरच्या घरांतल्या दोन अंकांच्या एकूण १०० जोड्या होऊ शकतात, आणि त्यांतल्या ५५ जोड्यांची बेरीज ९ किंवा त्याहून कमी असते. म्हणजे अंक कसेही पडले असं धरलं तर एका जोडीत हातचा न येण्याची शक्यता ५५ टक्के. वीस अंकी संख्येत अशा दहा जोड्या असतात. सगळ्या दहांमध्ये हातचा न येण्याची शक्यता सुमारे ४०० त एक. शंभर अंकी संख्येत पन्नास जोड्या, आणि तिथे शक्यता उतरते ती जवळजवळ दहा लाख कोटींत एकवर. त्यात वॉकर यांच्या आकड्यांवरून दिसतं की साधारण दर अडीच पायऱ्यांना संख्येत एका अंकाची भर पडते. संख्या लांबत जाते तशी संधी इतक्या झपाट्याने आटते, की पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या संधी एकत्र केल्या तरी हाती फारसं काही लागत नाही. जुळायचं असेल तर ते लवकरच जुळतं. १,१८,६०,६०,३०,७८,९१,९२,९९,९० ही १९ अंकी संख्या २६१ पायऱ्यांनी ११९ अंकी पॅलिंड्रोम होते, पण अशी उदाहरणं मुद्दाम प्रचंड शोध घेऊन सापडलेली आहेत.

तरीही शक्यतेचा हिशेब म्हणजे सिद्धता नव्हे. १९६ च्या साखळीतले अंक फाशासारखे पडत नाहीत. प्रत्येक अंक मागच्या बेरजेने ठरवलेला असतो. हातचे कुठे येतील याचा काही नियम सापडला असता तर काम झालं असतं, आणि संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या, पद्धतीत नेमकं तेच झालं आहे. आपल्याला पॅलिंड्रोम दिसणारी २२ ही संख्या तिथे १०११० अशी लिहितात. तीच उलट-बेरीज सुरू केली की चौथ्या पायरीला १०११०१०० येतं आणि आठव्या पायरीला १०१११०१०००. तिथून पुढे दर चार पायऱ्यांना आत एक १ वाढतो, शेवटी एक ० वाढतो, आणि अधल्यामधल्या संख्यांचेही साचे तसेच ठरलेले. त्यांपैकी एकही साचा पॅलिंड्रोम नाही, म्हणून ही साखळी कधीच जुळणार नाही हे ठामपणे सांगता येतं.

लिहिण्याच्या रीतीवर सगळं कसं अवलंबून आहे ते बघा. संख्या लिहायला किती वेगवेगळे अंक वापरायचे तो तिचा पाया. पाया २, म्हणजे द्विमान पद्धत, घेतला की लायक्रेल संख्या आहेत हे सिद्ध होतं. ४, ८, १६ असे २ चे घात घेतले तरी सिद्ध होतं. पाया ११, १७, २० आणि २६ यांच्यासाठीही सिद्ध झालं आहे. आपण रोज वापरतो त्या १० च्या पायासाठी मात्र एकाही संख्येबद्दल अजून सिद्धता नाही, आणि त्यातला सगळ्यात लहान संशयित आहे १९६.